उलटं शिवलेलं पान

३ जून

प्रिय मामा,

शिवणीसाठी डावीकडे दोन बोटं समास सोडला आहे. आधी तो बघून घे आणि मग काय रागवायचं ते रागव. महिनाभर पत्र नाही हे खरं, पण इथे डोकं वर काढायला फुरसत नाही. म्हणजे दुसऱ्यांची डोकी तपासता तपासता स्वतःचं वर काढता येत नाही, असं म्हण.

नवं काम सांगते. मेंदूच्या सगळ्यात बाहेरचा जो थर असतो, कॉर्टेक्स म्हणतात त्याला, तो सरासरी अडीच मिलिमीटर जाड असतो. बस्स, तेवढाच. त्यात एकाखाली एक असे सहा पदर. आणि हा सगळा थर चुरगळून, घड्या घालून कवटीत बसवलेला. उलगडून पसरला तर तीन-साडेतीन फुलस्केप कागदांएवढा होईल. हे वाचलं तेव्हा मला तुझं बाईंडिंगचं दुकान आठवलं, खोटं नाही सांगत.

या थरात सतत विजेच्या बारीक लाटा उठत असतात. डोक्याला तारांची टोपी घातली की त्या कागदावर उमटतात. माणूस शांत बसलेला असतानासुद्धा डोक्याच्या मागच्या भागातल्या लाटा जलद, सेकंदाला दहाच्या आसपास, आणि कपाळाकडे यावं तशा त्या संथ होत जातात. आणि गंमत म्हणजे थरसुद्धा मागे पातळ आणि पुढे जाड असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हा आमचा प्रश्न. शंभर माणसं हवी आहेत. प्रत्येकाच्या लाटा मोजायच्या आणि मोठ्या चुंबकाच्या यंत्रात झोपवून थराची जाडीही मोजायची.

साठीच्या पुढचे लोक मिळत नाहीत. तू येशील? दोन दिवसांचं काम. दुखत-खुपत काही नाही. आणि वर्षभरात तुझं तोंड बघितलेलं नाही, ते बघायला मिळेल.

तुझी,
गोगलगाय


१२ जून

चि. गोगलगायीस,

अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली, हलकीच, आत अडीच मिलिमीटरचा माल आहे म्हणून.

पत्र पोचलं. समास बरोबर आहे. पण तुझं अक्षर इतकं बारीक कधीपासून झालं? शाई पण पाण्यासारखी. कॉलेजात शिकवलं एवढं, पण पेन चांगलं घ्यावं हे कुणी शिकवलं नाही. दुकानाच्या दारात उन्हात उभा राहून, भिंग लावून वाचलं. दोनदा वाचलं. तसं मी एरवीही दोनदाच वाचतो.

आता मला सांग, त्या घड्या कोण घालतं? सहा पदरी कागदाला घडी घालायची म्हणजे चेष्टा नाही, आतला पदर दुमडतो आणि बाहेरचा ताणतो. आमच्याकडे हाडाची पट्टी फिरवून घडी बसवतात. तिथे आत कोण बसलंय पट्टी घेऊन?

आणि मागे पातळ तर जलद, पुढे जाड तर संथ, यात विशेष काय? पातळ कागद हलवला की फडफडतो, पुठ्ठा हलवला तर जेमतेम ढब्ब करतो. यासाठी शंभर माणसं कशाला? मला विचारलं असतंस तर एका पोस्टकार्डात सांगितलं असतं. माझं कपाळ जाड आणि म्हणून मी संथ, हे तर तुझी मामी कुठल्याही यंत्राशिवाय सांगायची.

येतो. दुकान दोन दिवस बंद राहिलं म्हणून आभाळ कोसळणार नाही.

तुझा,
मामा


१८ ऑगस्ट

चि. गोगलगायीस,

आशीर्वाद, आणि तारांच्या टोपीखाली लावलेल्या आणि डोक्याला अजून चिकटलेल्या त्या खळीबद्दल निषेध. तीनदा केस धुतले. तुमच्या खळीचा दर्जा मात्र चांगला आहे, पुठ्ठ्याला चालेल का ते विचारून ठेव.

सुखरूप पोचलो. तुझी खोली छान आहे. जिन्याला मात्र नीट उजेड नाही, घरमालकाला सांग. तू सगळीकडे माझा हात धरून चालत होतीस ते मला बरं वाटलं. पूर्वी मी तुझा धरायचो.

मला सत्तावीस नंबर दिला होता, तो मी इथे सगळ्यांना सांगतोय. शेजारच्या शिंप्याला वाटतंय मी लॉटरी जिंकलो. टोपीवाल्या बाई फार चांगल्या. पाच मिनिटं डोळे मिटा म्हणाल्या, मिटले. पाच मिनिटं डोळे उघडा आणि भिंतीवरच्या फुलीकडे बघा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, फुलीच काय, सांगाल तिकडे बघतो. नातेवाईक म्हणून तुला खोलीत येऊ देत नाहीत, हे मात्र मला पटलं नाही. मामाचं डोकं भाचीने नाही बघायचं तर कुणी?

तुझ्याबरोबर गणिताचं काम करणारा तो उंच मुलगा मला गाडीत बसवून गेला. बॅग हातातून काढून घेतली, पण ओढून नाही. हात मिळवला. हात कोरडा, पकड बेताची. असे हात पुठ्ठा कापायला चांगले.

मामा


१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

आज मेंदूबद्दल फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की तुझ्या पुठ्ठ्याच्या सिद्धांतावर आमच्या मार्गदर्शक बाई खूप हसल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, जाडी ही वरची खूण असावी. खरा फरक कदाचित क्रमाचा आहे. डोळ्यांनी बघितलेलं सगळ्यात आधी मागच्या भागात पोचतं, तिथे घाई असते. तिथून पुढे पुढे सरकत ते विचार करणाऱ्या भागात येतं आणि तिथे घाई करून चालत नाही. जाडी आणि गती दोन्ही त्या क्रमानुसार बदलत असतील. पण सिद्ध व्हायचं आहे.

आता खरं सांगायचं ते.

तो उंच मुलगा, ज्याचे हात तुला पुठ्ठा कापायला चांगले वाटले, त्याने मला लग्नाचं विचारलं आहे. मला तो आवडतो. दोन वर्षं आवडतो, पण मी गोगलगाय, हे तू जाणतोसच. तो माझं बोलणं मधेच तोडत नाही. चुकला तर चुकलो म्हणतो. आणि मी त्याला सांगितलं आहे की माझं एकच माणूस आहे विचारायला.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तुझ्या टेबलाखाली बसून कागदाच्या कातरणांतून बाहुल्या करायचे. तू एकदाही नको म्हणाला नाहीस, कशालाच. म्हणून विचारतेय. मामा, करू का मी हे लग्न? तुझ्या मनात काही असेल तर मोकळेपणी लिही. तुझा होकार आल्याशिवाय मी त्याला उत्तर देणार नाही.

हे फोनवर विचारवेना. फोनवर तू 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' एवढंच ओरडतोस.

वाट बघते.

गोगलगाय


४ ऑक्टोबर

चि. गोगलगायीस,

आशीर्वाद आणि नेहमीची टपली.

पत्र मिळालं, वाचून आनंद झाला. तुमचं काम जोरात चाललंय असं दिसतं. मेंदू म्हणजे काही साधी गोष्ट नाही, नेटाने करत राहा.

इकडे सगळं ठीक. ढगाळ हवा आहे, दुकानात दिवसाही दिवा लावावा लागतो. नवा मोठा दिवा आणला. एका वकिलांचं जाडजूड पुस्तक परत आलं, पानांच्या गठ्ठ्यांचे फर्मे मागेपुढे शिवले गेले म्हणे. हल्ली फर्म्यांवर नंबर इतके बारीक छापतात की देवालाही दिसू नयेत. वकील तावातावाने बोलत होते. मी म्हटलं, साहेब, शेवट आधी कळला तर वाईट काय? हसले नाहीत. उसवून परत शिवून दिलं.

तब्येतीला जप.

मामा


९ डिसेंबर

प्रिय मामा,

या वर्षीची तुझी पत्रं सोबत पाठवत आहे, नेहमीप्रमाणे शिवून ठेवण्यासाठी. माझी तुझ्याकडे असतीलच.

मी विचारलं होतं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. ठीक आहे. तुझं गप्प राहणं मला कळतं. लहानपणी तू रागावला नाहीस कधी, नुसता बोलायचा थांबायचास. मी त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. तोही विचारत नाही, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटतं.

काम चाललं आहे. त्यातही माझी एक चूक झाली आहे. माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातल्या त्या दहाच्या लाटा उंच उठतात. डोळे उघडून समोरचं बघू लागला की त्या विरतात. शंभरातल्या जवळपास सगळ्यांचं असंच आहे. फक्त सत्तावीस नंबरच्या नोंदीत डोळे उघडे असतानाही लाटा तशाच उंच आहेत. म्हणजे मिटल्या आणि उघड्या डोळ्यांच्या फायलींची माझ्याकडून कुठेतरी गल्लत झाली असणार. तुझीच नोंद नेमकी माझ्या हातून बिघडावी, याचं फार वाईट वाटलं. पुन्हा तपासते आहे.

काळजी घे.

तुझी भाची


२ जानेवारी

चि. गोगलगायीस,

आशीर्वाद. पुस्तक पाठवतो आहे. निळं कापड, पाठीवर या वर्षी काही छापलं नाही, साधंच बरं वाटलं. शिवण पक्की आहे, ती हाताला कळते.

पत्र मिळालं. नव्या वर्षात यश मिळो.

मामा


११ जानेवारी

मामा,

हे पत्र जाड मार्करने लिहिते आहे. एका पानावर एक-दोनच वाक्यं. म्हणून पाकीट एवढं फुगलं आहे.

तुझं पुस्तक काल आलं.

माझं सप्टेंबरचं पत्र तू उलटं शिवलं आहेस.

डोकं खाली, पाय वर. समास सोडून दुसऱ्या कडेला. शिवणीत माझी अर्धी वाक्यं गेली आहेत.

चाळीस वर्षांत तू एक पान उलटं शिवलेलं नाहीस.

टोपीवाल्या बाईंची वही मी तपासली. फायली अदलाबदल झालेल्या नाहीत. चूक माझी नाही.

तू डोळे उघडे ठेवलेस आणि तरी तुझ्या मेंदूला बघण्यासारखं फारसं काही मिळालं नाही.

नुसत्या लाटांवरून मी हे म्हटलं नसतं. त्या यंत्राचं काम डोळे तपासणं नाही. पण पुस्तक शेजारी ठेवलं आणि सगळं समजलं. भिंग, दिवा, वकील, जिना.

मी नाही, तू माझा हात धरून चालत होतास. मला वाटलं, लाड.

मामा, तुला दिसत नाही ना?

आणि ते पत्र तू वाचलंच नाहीस ना?

मी चार महिने तुझ्यावर रुसून बसले होते. मूर्ख कुठली.

त्या पत्रात काय आहे ते मी तुला सांगणार नाही. दुसऱ्या कुणाला वाचायलाही देणार नाही. पुस्तक माझ्याकडे आहे. ते तू स्वतः वाचायचं.

शनिवारी येते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दुकानाला कुलूप लावून कुठे पळालास तर शिंप्याला विचारून शोधून काढीन.

गोगलगाय


१५ जानेवारी

चि. गोगलगाय,

ओळी वर-खाली झाल्या तर समजून घे. आता लपवायचं राहिलं नाही म्हणून पट्टी न धरताच लिहितो.

तुझं पत्र वाचलं. पहिल्यांदाच घरात बसून वाचलं, उन्हात न जाता. एकोणीस पानं आहेत. शेवटचं पत्र मी असं नीट कधी वाचलं, आठवत नाही. बहुतेक जूनमध्येच.

दोन वर्षं झाली. आधी धुकं वाटलं. मग चष्म्यावर डाग असेल वाटलं. रोज चष्मा पुसायचो. काम हाताने होतं ग. कागदाची जाडी बोटांना कळते, घडी कळते, दोरा कळतो. अक्षर कळत नाही तेवढंच. आणि बाईंडरला अक्षर कशाला हवं, असं स्वतःला सांगत राहिलो. तुझी पत्रं आली की हात फिरवून पाहायचो, जाड की पातळ. जाड असलं की समजायचो खुशीत आहेस. शिंप्याला वाचायला सांगितलं असतं, पण त्याला कळलं की गावाला कळलं, आणि न दिसणाऱ्याकडे पुस्तक शिवायला कोण देणार?

भिंतीवरच्या त्या फुलीचं खरं सांगतो. मला फुली दिसलीच नाही. भिंतसुद्धा मी अंदाजानेच धरली. बाई चांगल्या होत्या, त्यांना वाईट वाटू नये म्हणून बघतोय असं दाखवलं. तुझ्या यंत्राने मला पकडलं. त्याच्यापुढे माझी थाप चालली नाही.

पण गोगलगायी, ऑपरेशनचं नाव काढू नकोस. माझ्या वडिलांचा डोळा ऑपरेशनातच गेला. मी त्यांना हात धरून घरी आणलं होतं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ते नंतर कधी दुकानात बसले नाहीत. अर्धवट दिसतंय तेवढं तरी राहू दे मला. मी घाबरतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मामीलाही नाही.

तू ये. शनिवारी मी घरीच आहे. पण त्या पत्रात काही वाईट नाही ना, एवढं तरी सांग. तुझं पत्र आल्यापासून झोप नाही.

मामा


२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ही चिठ्ठी निळ्या पुस्तकावर ठेवून जाते आहे. मोठ्या अक्षरात लिहिली आहे, पण गेल्या वेळेएवढ्या नाही.

मला रजा संपल्यामुळे निघावं लागतंय, नाहीतर तुझ्या समोर बसून तुझं तोंड बघितलं असतं. डॉक्टरांचं तू ऐकलं आहेसच. मोतीबिंदू फार पिकला होता, दोन्ही डोळ्यांत. अजून वर्षभर चालढकल केली असतीस तर काम अवघड होतं. पहिला डोळा उत्तम झाला. दुसरा पुढच्या महिन्यात. आजोबांच्या वेळचे दिवस वेगळे होते, हे मी तुला शंभरदा सांगितलं आणि तरी ऑपरेशनच्या खोलीत शिरताना तू माझा हात इतका घट्ट धरलास की माझी अंगठी बोटात रुतली. माझा हात मी सोडवून घेतला नाही. डॉक्टरांनी सोडवला.

औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा. भिंतीवर वेळा लिहून ठेवल्या आहेत. वाचता येतात का ते बघ आणि उगाच कौतुक करू नकोस, खरं सांग.

आठ दिवस वाचू नकोस असं डॉक्टर म्हणालेत. म्हणून पुस्तकाला दोरा बांधला आहे. गाठ मी मारली आहे, तू शिकवलेली. नवव्या दिवशी सोड. सप्टेंबरचं पान उघड आणि पुस्तक उलटं धर.

गोगलगाय


९ मार्च

चि. गोगलगायीस,

आशीर्वाद. टपली नाही. या वेळी डोक्यावर नुसता हात.

सकाळी नऊ वाजता दोरा सोडला. गाठ ढिली मारली होतीस, शिकवणी वाया गेली. थेट सप्टेंबर उघडलं नाही. म्हटलं, क्रमाने जावं. क्रमाचं महत्त्व तुझ्या बाईंनीही सांगितलंय हे नंतर वाचलं, घाईचा भाग मागे आणि विचाराचा पुढे. तर जूनपासून सुरू केलं. तुझं अक्षर बारीक नव्हतंच ग. शाईही चांगली काळी आहे. उगाच बोल लावला.

मग सप्टेंबर आलं. पुस्तक फिरवून उलटं धरलं. समोरून शिंपी आला आणि बघतच राहिला, म्हणाला डोळे आले तर पुस्तक उलटं वाचायला लागलात का. मी त्याला हाकललं. शिवणीत गेलेली वाक्यं बघायला पान थोडं ओढून धरावं लागलं. 'एकदाही नको म्हणाला नाहीस' हे वाक्य अर्धं शिवणीत आहे. तिथे थांबलो. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, ते काही पाळता आलं नाही.

ग पोरी, तू एवढं विचारलंस आणि मी तुला ढगाळ हवा आणि वकिलाच्या पुस्तकाचं कळवलं. आणि तू ते चार महिने उशाशी घेऊन बसलीस. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ राग होता असं तुला वाटलं. मला तुझ्यावर कधी राग आला होता? मला वाचता येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती, एवढंच. डोळ्यापेक्षा त्या लाजेनेच जास्त नुकसान केलं. या वयात ही अक्कल आली, आता काय करणार.

तर तुझ्या १४ सप्टेंबरच्या पत्राचं उत्तर आज, ९ मार्चला, देतो. हो. करच. आजच्या आज त्याला सांग. सहा महिने उत्तर न घेता जो माणूस शेजारच्या टेबलावर बसून गणितं करत राहिला आणि एकदाही 'काय झालं' म्हणून तगादा लावला नाही, त्याची आणखी परीक्षा कसली घ्यायची? मला तर ऑगस्टमध्येच कळलं होतं. त्याचा चेहरा मला धड दिसला नव्हता. पण हात मिळवला होता, आणि हातांच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. आता चेहराही दाखवायला घेऊन ये. दिसायला कसाही असला तरी होकार मागे घेणार नाही.

ते पान उसवून सरळ शिवू का, असं तू विचारशील. नाही शिवणार. उलटंच राहू दे. तुमची पोरं कधी पुस्तक चाळतील तेव्हा विचारतील, आणि मग त्यांना सांग मामाआजोबाचा गाढवपणा.

दुसरा डोळा झाला की मला पुन्हा टोपी घालायला बोलवा. सत्तावीस नंबरची नोंद तू आलेखातून काढून टाकली असशील, काढलीस तर बरोबरच केलंस. पण माझं ते काम अर्धवट राहिलंय. मला त्या भिंतीवरची फुली बघायची आहे. आणि या वेळी टोपीवाल्या बाईंना सांग, डोळे उघडल्यावर माझ्या लाटा पडल्या नाहीत तर चूक यंत्राची असेल, माझी नाही.

यापुढे पत्र तुम्ही दोघं मिळून लिहाल. त्याला आत्तापासून सांगून ठेव, आमच्याकडे डावीकडे दोन बोटं समास सोडतात.

तुम्हा दोघांचा,
मामा